पेपर फाटतो तो वाटेत नव्हे, फोल्डरमध्ये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सकाळी पेपर उघडावा आणि आतले पान घडीवर चिरलेले निघावे, किंवा पानाच्या तळची ओळच कापली गेलेली असावी, की बोल लागतो तो पेपर टाकणाऱ्या मुलाला. इंदूरचे सुदामानगर असो की स्नेहलतागंज, ऐकून घेणे त्याच्याच वाट्याला येते. त्याचा यात काही दोष नसतो. हे सगळे छपाईनंतरच्या एका क्षणात, घडी घालून प्रत कापणाऱ्या फोल्डरमध्ये घडते, आणि प्रत नीट पाहिली तर यंत्राचे नेमके काय बिघडले आहे ते वाचकालाही ओळखता येते.

एखादे पान उलगडून वरची-खालची कड पाहा. ती कात्रीने कापल्यासारखी सरळ नसते, करवतीच्या दातांसारखी असते. एका कडेपासून साधारण सेंटिमीटरभर आत बारीक भोकांची ओळ दिसेल. ही भोके म्हणजे पिनांच्या खुणा. आपल्याकडच्या बहुतेक वेब ऑफसेट, म्हणजे रिळाच्या सलग कागदावर छापणाऱ्या, यंत्रांत कागदाचे छापलेले पट्टे एकावर एक येऊन फॉर्मर नावाच्या त्रिकोणी पत्र्यावरून खाली उतरतात. तिथे उभी घडी पडते आणि निपिंग रोलर ती दाबतात. पुढे सिलिंडरवरच्या पिना कागदाची पुढची कड टोचून धरतात आणि दातेरी सुरी समोरच्या रबरावर दाबून प्रत कापते. सिलिंडर थोडा फिरला की टकर ब्लेड, म्हणजे एक पातळ पट्टी, प्रतीला बरोबर मधोमध ढकलते. शेजारच्या सिलिंडरवरचा जॉ म्हणजे जबडा तो भाग पकडतो, आणि आडवी घडी तयार होते. मग जॉ उघडतो, प्रत फॅन नावाच्या फिरत्या चाकाच्या पंखांत पडते आणि बाहेर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर येते.

कटऑफ, म्हणजे एका प्रतीसाठी कापल्या जाणाऱ्या कागदाची लांबी, ५४६ मिलिमीटर आणि वेग ताशी ३६,००० प्रतींचा धरला, तर सेकंदाला १० प्रती आणि सुमारे साडेपाच मीटर कागद जातो. टोचणे, कापणे, ढकलणे, पकडणे, सोडणे हे सगळे त्या वेगाने चालते. सेटिंग चुकले आणि एक मिनिट कोणाच्या लक्षात आले नाही, तर ६०० प्रती बिघडून बाहेर पडलेल्या असतात.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते जॉकडे. २४ पानांच्या अंकाला सिंगल विड्थ, म्हणजे पट्ट्याच्या रुंदीत दोन पाने बसणाऱ्या, यंत्रावर ६ पट्टे लागतात. उभ्या घडीनंतर त्यांचे १२ थर होतात आणि आडव्या घडीत २४. चौरस मीटरला ४५ ग्रॅम वजनाच्या न्यूजप्रिंटची जाडी साधारण ०.०७ मिलिमीटर, म्हणजे जॉच्या तोंडात १.७ मिलिमीटरच्या आसपास कागद येतो. ८ पानांच्या अंकाला हीच जाडी ०.६ मिलिमीटरसुद्धा नसते. एकाच फटीत दोन्ही अंक नीट बसणे शक्य नाही. फट कमी राहिली तर घडीवर पकडीचे वळ उठतात आणि सगळ्यात बाहेरचे पान घडीवर चिरते. फट जास्त राहिली तर प्रत जॉमध्ये सरकते आणि घडी तिरकी पडते. सेटिंगची रीत अवघड नाही. जितके थर येणार तितक्याच कागदाच्या पट्ट्या डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे घालायच्या, यंत्र इंचिंगवर, म्हणजे बटण दाबून थोडे थोडे, हळू फिरवून जॉ बंद करायचा आणि पट्ट्या हाताने ओढून पाहायच्या. तिन्ही ठिकाणी ओढ सारखी लागली पाहिजे. त्यानंतर पूर्ण वेगावर प्रती काढून पुन्हा तपासायचे, कारण संथ फिरताना नीट दिसणारी घडी वेगात बिघडू शकते.

भोकांचे निदान तर चष्मा लावून घरीही करता येईल. भोक गोल आणि स्वच्छ असेल तर पिना ठीक आहेत. सगळी भोके एकाच दिशेने लांबट फाटलेली असतील तर पिना उशिरा मागे जात आहेत: टकरने ढकलायला सुरुवात केली तरी कागद सुटलेला नाही. एकच भोक फाटलेले दिसले तर तेवढी पिन वाकलेली आहे. सर्वांत बाहेरच्या पानावर भोकच नसेल तर पिना झिजून आखूड झाल्या आहेत आणि ते पान कोणी धरलेलेच नव्हते, त्यामुळे ते वाकडे दुमडले जाते. उलट पिना लवकर सुटल्या तर भोके चांगली दिसतात, पण घडीची जागा प्रत्येक प्रतीत बदलते.

सुरीचेही तसेच. शेवटचा थर अर्धवट कापला जाऊन कडेला कागदाची शेपटी लोंबू लागली की नवी सुरी बसवतात आणि जुने रबर तसेच ठेवतात. रबरात खोल खाच पडलेली असते. सुरी कागदाला त्या खाचेत ढकलते, कापत नाही. सुरी आणि रबर एकत्रच बदलायला हवेत, आणि तेही किती प्रती झाल्या त्या हिशेबाने. तक्रार येईपर्यंत थांबून नव्हे. बोथट सुरीने उडणारा कागदाचा भुगा ग्रीसमध्ये मिसळून जॉ उघडणाऱ्या-मिटणाऱ्या कॅमच्या रोलरवर लगदा होऊन बसतो. त्या रोलरचे बेअरिंग ढिले झाले की जॉ उशिरा उघडतो, आणि फॅनमध्ये शिरताना प्रत घडीवरच फाटते. मूळ दोष सुरीचा आणि फिटर मात्र जॉ उघडून बसलेला, असे त्यामुळेच होते.

ओळ कापली जाण्याचे कारण वेगळे. पट्ट्याची लांबी जुळवणारा कॉम्पेन्सेटर रोलर १ मिलिमीटर सरकला की छपाई आणि काप यांच्यात २ मिलिमीटरचा फरक पडतो. वेग वाढवताना आणि रीळ बदलताना कागदाचा ताण बदलतो, म्हणून काप हलतो, आणि त्या वेळच्या प्रती बाजूला काढल्याच पाहिजेत. पट्टा फॉर्मरच्या नाकाशी १ मिलिमीटर आडवा सरकला तरी एक बाजू तेवढी वाढते, दुसरी घटते आणि पानांच्या कडांत २ मिलिमीटरची तफावत येते.

इंदूरच्या हवेचाही हिशेब धरावा लागतो. एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत कागद घडीवर लवकर तुटतो आणि स्थिर विजेने पाने एकमेकांना चिकटतात. पावसाळ्यात रिळाच्या कडा ओल धरून सैल पडतात आणि फॉर्मरवर सुरकुत्या येतात. रिळाचे वेष्टन आदल्या दिवशीच फाडून ठेवू नये.

आमचे मागणे छापखान्यांकडे आहे, तितकेच संपादकीय आणि जाहिरात विभागांकडेही. रात्री उशिरा एखादी जाहिरात येते, १६ पानांचा अंक २० पानांचा होतो, आणि गाड्या सुटायची वेळ मात्र तीच राहते. पान वाढले की जॉ, निपिंग रोलर आणि सुरी तिन्ही पुन्हा तपासावी लागतात. प्लेट बनायला जाण्यापूर्वी पानसंख्या पक्की करून ती फोल्डरवरच्या माणसाला कळवावी. ८, १२, १६, २०, २४ पानांची सेटिंग लिहिलेला तक्ता यंत्रालाच लावावा, म्हणजे पाळी बदलली तरी अंदाजाने काम होणार नाही.

आणि घाईत जे सर्रास चालते ते ताबडतोब थांबवावे. फोल्डरमध्ये कागद तुंबला की यंत्र इंचिंगवर फिरते ठेवून हात घालून तो ओढतात. टकर आणि जॉ यांच्यामध्ये बोटाला जागा नसते. आधी स्टॉप बटण दाबून लॉक करावे, मगच गार्ड, म्हणजे संरक्षक झाकण, उघडावे, आणि ज्याने लॉक केले त्यानेच गार्ड बंद झाल्याची खात्री करून ते सोडावे. पलीकडच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला आत कोणाचा हात आहे ते दिसत नाही.

आपले,
वेब ऑफसेट विभागातील काही फिटर व मशीनमन
इंदूर