नवी डिस्क घेतलीस, त्यावरून

लातूर

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास की दोन टीबीची डिस्क घेतली, मोबाइल-लॅपटॉपमधलं सगळं तिच्यात टाकलं आणि फोन मोकळा केला. म्हणजे बॅकअप झालाच नाही. प्रत आधीही एकच होती, आताही एकच आहे, नुसती जागा बदलली. ती डिस्क टेबलावरून पडली की संपलं.

माझी उभी नोकरी तलाठ्याची, म्हणून सांगतो. निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला २०२३ साली नेमलेली समिती पार हैदराबादेपर्यंत गेली होती. इथल्या दफ्तरात जे हाती लागत नाही ते तिथं मिळेल, ही आशा. दूरच्या गावी एक प्रत असण्याची किंमत ही अशी.

संगणकवाले तीन-दोन-एक म्हणतात. प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. तू अजून एक डिस्क घे. एक तुझ्याकडं, एक आमच्याकडं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, येतोस तेव्हा अदलाबदल करू, उन्हाळ्यात लेकरांच्या सुट्टीत पुन्हा एकदा. मधल्या दिवसांतले फोटो आणि महत्त्वाचे कागद क्लाउडवर. इकडं येणाऱ्या डिस्कला पासवर्ड लाव, तीत आधार-पॅन असणार. तो मात्र वहीत लिहून तुझ्या घरी ठेव, डिस्कसोबत पाठवू नको.

"सगळं गूगलवर आहे की" असं सूनबाई म्हणतात. गूगल फोटोजच्या ॲपमधून बॅकअप झालेला फोटो उडवला तर तो खात्यातूनही उडतो. कचरापेटीत साठ दिवस राहतो, मग कायमचा गेला. शिवाय फुकटची जागा पंधरा जीबी, त्यातच जीमेल, त्यातच ड्राइव्ह. लेकरांच्या व्हिडिओंनी ती कधीच भरली असेल. आणि फोनच हरवला तर ओटीपी कुठं येणार? खात्याचे बॅकअप कोड, म्हणजे ओटीपीऐवजी चालणारे आकडे, आजच कागदावर उतरवून ठेव.

डिस्क चोवीस तास लॅपटॉपला लावून ठेवू नको. खंडणी मागणारा व्हायरस आला तर जोडलेल्या डिस्कलाही कुलूप घालतो. काम झालं की काढायची, कपाटात.

सगळंच जपायचा सोस नको. सिनेमे जाऊ देत. सातबारा सरकारी साइटवरून पुन्हा निघतो, डिजिटल सहीसकट. पण आजीनं जात्यावर म्हटलेल्या ओव्या तू मोबाइलवर घेतल्या होत्यास, त्या पुन्हा कुठून आणणार? आधी त्या. आणि नुसती कॉपी करून थांबू नको. अधूनमधून डिस्कवरची एखादी फाइल दुसऱ्याच कुणाच्या लॅपटॉपवर उघडून, ऐकून बघ. न उघडणारा बॅकअप असून नसून सारखाच.

येताना ती दुसरी डिस्क घेऊनच ये. पैसे मी देतो, तेवढ्यासाठी लांबवू नको.

तुझे अण्णा