खुले पत्र : ठेकेदाराच्या मजुराचा अपघात मोजणार कोण?

प्रति,
मा. राज्यमंत्री, अणुऊर्जा विभाग,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

स.न.वि.वि.

माझा धाकटा भाऊ रिगर आहे, म्हणजे जड यंत्रं दोरखंड-क्रेनने उचलून बसवणारा. थर्मलच्या, म्हणजे कोळशाच्या वीज केंद्राच्या शटडाऊनवर (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तेव्हा) हेल्पर म्हणून लागला, तिथेच काम शिकला, मग ठेकेदार नेईल त्या प्लांटवर जाऊ लागला. आमच्या वणी तालुक्यातली अशी कितीतरी पोरं आज परराज्यात आहेत. गेल्या उन्हाळ्यात तो देशातल्या एका अणुऊर्जा केंद्रावर होता. केंद्राचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्याची आणि त्याच्या सोबतच्या पोरांची मजुरी अजून ठेकेदाराकडे अडकली आहे. आपल्या कार्यालयाला पाठवलेल्या प्रतीत ते आहे. तिथे परांचीची फळी सरकली आणि तो पंधराएक फुटांवरून खाली आला. अंगात सेफ्टी बेल्ट होता, हूकही होता. हूक अडकवायची दोरी आदल्या पाळीतच काढून नेली होती. डाव्या टाचेचा चुरा झाला आणि कमरेचा एक मणका दबला.

माहितीच्या अधिकारात आम्ही विचारलं. परवा उत्तर हाती पडलं : त्या महिन्यात केंद्रावर नोंदवण्याजोगा एकही अपघात झालेला नाही.

साहेब, माझा भाऊ खाटेवर आहे. त्याला लघवीला उठवायला दोन माणसं लागतात. आणि कागद म्हणतो, काही झालंच नाही.

हे कसं घडतं ते त्यानेच सांगितलं. "दादा, तिसऱ्या दिवशी सकाळी मले गाडीत घालून गेटवर नेलं, कार्ड टेकवलं अन् परत खोलीवर आणून टाकलं. मुकादम म्हणे, हजेरी लागली तर मजुरी चालू राहीन." मला तेव्हा उलगडा झाला नाही. पुढे एका वकिलाने समजावलं. कामावरची जखम 48 तास किंवा त्याहून जास्त माणसाला कामापासून दूर ठेवते, तेव्हाच ती कळवावी लागते. तिसऱ्या दिवशी हजेरी लागली की अपघात कागदावरून उतरला. गेटवर तो फळा असतो ना, अपघाताविना इतके दिवस, इतके सुरक्षित मनुष्य-तास? भाऊ पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यावरचा आकडा एकाने वाढला होता. त्याच्या सोबतच्या पोराने फोनवर फोटो पाठवला आहे. मी तो जपून ठेवला आहे.

दाद मागायला गेलो तर कामगार खात्याने हात वर केले. अणुऊर्जेच्या कारखान्यांत राज्याचा कारखाना निरीक्षक जात नाही. 1996 च्या नियमांनी ते काम अणुऊर्जा नियामक मंडळाकडे दिलं आहे. हे मंडळ 1983 साली झालं आणि तेव्हापासून ते उत्तर देत आलं अणुऊर्जा आयोगाला, ज्याचा अध्यक्ष अणुऊर्जा विभागाचा सचिव असतो. म्हणजे ज्यांच्यावर नजर ठेवायची, त्यांच्याच हाताखाली राहायचं. हे मी एकटा म्हणत नाही. 2012 साली सरकारचे हिशेब तपासणाऱ्या कॅगने याच मंडळाच्या स्वायत्ततेवर बोट ठेवलं होतं. त्याआधी 2011 मध्ये स्वतंत्र नियामकाचं विधेयक संसदेत आलं आणि 2014 मध्ये लोकसभेसोबत संपलं. आमच्याकडे खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावात येऊन घेतो तेव्हा, माल शेतकऱ्याचा आणि काटा व्यापाऱ्याचा असतो. तिथे वजन किती भरतं हे आम्हाला कोणी सांगायला नको.

तुमचे लोक मोजतच नाहीत असं मी म्हणणार नाही. जे मोजायचं मनावर घेतलं, ते चोख मोजतात. भावाच्या छातीवर अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज असायचा. वर्षाला 30 मिलिसिव्हर्ट, पाच वर्षांत मिळून 100, याच्या वर डोस जाऊ द्यायचा नाही हे त्याला पाठ आहे. 2009 मध्ये कर्नाटकातल्या कैगा अणुकेंद्रात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कोणीतरी ट्रिटियमचं, म्हणजे किरणोत्सर्गी, जड पाणी मिसळलं. पन्नासहून अधिक कामगारांच्या पोटात ते गेलं, आणि सापडलं कशामुळे? कामगारांच्या लघवीची नेहमीची तपासणी होते म्हणून. 2012 च्या जूनमध्ये राजस्थानातल्या रावतभाटा अणुकेंद्रात 38 कामगारांना ट्रिटियमची बाधा झाली, तीही मोजणीतूनच कळली. बाहेर बातमी आली जुलैत, पण निदान आकडा होता. मग उंचीवरून पडलेल्याची, विजेचा झटका बसलेल्याची, क्रेनखाली हात चिरडलेल्याची मोजणी याच काटेकोरपणे का होत नाही? अणुकेंद्रावर माणूस फक्त किरणोत्सर्गानेच जखमी होतो काय? 13 मे 1994 ला कैगाच्या घुमटाचा आतला थर कोसळून 14 मजूर जखमी झाले. तेव्हा तिथली अणुभट्टी सुरूसुद्धा झाली नव्हती.

वाया गेलेले दिवस मोजायचं भारतीय मानक आहे, आयएस 3786. त्यात एका मृत्यूचे 6000 दिवस धरतात. दर दहा लाख मनुष्य-तासांमागे किती अपघात, किती दिवस बुडाले, असा हिशेब निघतो. हिशेब चांगला आहे, पण त्यात भरता काय? माझ्या भावाचे दिवस शून्य भरले. शटडाऊनच्या महिन्यात ठेक्यावरच्या मजुरांची झुंबड असते, उंचीवरची, बंदिस्त जागेतली कामं तेच करतात. त्यांचे तास आणि टेबलाशी बसणाऱ्यांचे तास एकत्र केले की दर आपोआप खाली येतो. दहा वर्षांत पडझड वाढली की घटली, कोणत्या कामात, कोणत्या पाळीत, कोणत्या ठेकेदाराकडे, हे त्यातून कोणाला दिसणार? फळी सरकली आणि माणूस थोडक्यात वाचला, असं भाऊ पडायच्या आधीही त्याच परांचीवर झालं होतं. कोणी वहीत लिहिलं असतं तर ती दोरी जागेवर राहिली असती. अमेरिकेचा अणुनियामक आयोग घटनांच्या सूचना रोजच्या रोज लोकांसमोर ठेवतो. आम्हाला एका पडलेल्या माणसासाठी अर्ज करावा लागतो, आणि उत्तर येतं "निरंक".

इकडे घरात काय चाललंय ते कुठल्या रकान्यात भरायचं? ऑपरेशनसाठी बैल विकले, भावजयीचे डोरले गहाण आहेत. यंदा कपाशीची वेचणी मजूर लावून करावी लागली. भावाची पोरगी दहावीला आहे, ती शाळेतून येऊन बापाचं अंग पुसते. रात्री कळ निघाली की तो ओरडू नये म्हणून तोंडात टॉवेल धरतो, कारण म्हातारी आई जागी होते. ठेकेदाराने सुरुवातीला उपचाराचा सगळा खर्च देतो असा शब्द दिला होता. आता फोन उचलत नाही. आणि अपघाताची नोंदच नाही म्हटल्यावर नुकसानभरपाई कशाच्या जोरावर मागायची?

हे फक्त तुमच्या विभागाचं नाही, साहेब. या राज्यात शेतकऱ्याने फास घेतला तरी त्याचं मरण पात्र की अपात्र ते आधी ठरतं. पात्र ठरला तर घरच्यांना एक लाख, अपात्र ठरला तर तो कर्जापायी मेलाच नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. पेपरात ओरड होईपर्यंत सरकारला त्याचा पत्ता नव्हता. गरिबाचं दुखणं नोंदलं तर पैसे द्यावे लागतात, म्हणून ते नोंदायचंच नाही, ही रीत आम्ही बापजाद्यांपासून बघतो आहोत.

आज देशात अणुवीज नऊ हजार मेगावॅटच्या आतबाहेर आहे. 2047 पर्यंत ती एक लाख मेगावॅट करायची म्हणता. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने शांती विधेयक मंजूर केलं, खासगी कंपन्यांना दार उघडलं आणि नियामक मंडळाला कायद्याचा दर्जा दिला. दर्जा दिला असेल तर तो वापरा. एवढी केंद्रं बांधायला आमच्याच भागातली पोरं फळीवर चढणार आहेत.

प्रत्येक केंद्राचे अपघात, थोडक्यात टळलेल्या घटनांसह, दर महिन्याला जाहीर करा, ठेक्यावरच्या कामगारांचे वेगळे. हजेरीचा कागद दवाखान्याच्या कागदाशी ताडून बघा. जखमीच्या हातात अपघात अहवालाची प्रत त्याच आठवड्यात पडू द्या. आणि ठेकेदाराला वगळून मजुराला थेट मंडळाकडे कळवता येईल अशी सोय करा, मराठीत, हिंदीत, तेलुगूत.

माझ्या भावाचा अपघात त्या महिन्याच्या नोंदवहीत चढवून त्याची साक्षांकित प्रत मला पाठवावी. एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, हजेरीचा उतारा आणि फळ्याचा फोटो सोबत जोडला आहे. उत्तर लेखी हवं.

आपला,
एका ठेका मजुराचा थोरला भाऊ
ता. वणी, जि. यवतमाळ