बाकी शून्य आली तरच मूळ

संपादक महोदय,

मोठ्या मूळ संख्यांच्या बातम्यांत 'जगातील सर्वांत मोठी मूळ संख्या' असे सर्रास छापून येते. मूळ संख्या अनंत आहेत हे ग्रीक गणिती युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केले, तेव्हा 'ज्ञात असलेली सर्वांत मोठी' एवढेच म्हणता येईल. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली संख्या अशी : २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. ती ४,१०,२४,३२० अंकी आहे.

ती 'संगणकाने भागून तपासली' हेही खरे नाही. तिचे वर्गमूळच दोन कोटी अंकांचे. तिथपर्यंतच्या विभाजकांनी भागत बसणे कोणत्याच यंत्राला जमणार नाही. २ च्या घातातून १ वजा करून येणाऱ्या अशा (मर्सेन) संख्यांसाठी ल्यूकास-लेमर कसोटी आहे. ३१, म्हणजे २ चा पाचवा घात वजा १, घेऊन ती कागदावर करता येते. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा. घातांकापेक्षा दोनने कमी, म्हणजे इथे तीन वेळा. १४ येतात, मग १९४, बाकी ८, मग ६२, बाकी ०. शेवटी शून्य आले, म्हणून ३१ मूळ.

गंमत म्हणजे यात भागाकार करावाच लागत नाही. १९४ द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) ११००००१०. घातांक ५, म्हणून उजवीकडचे पाच अंक तोडले तर ०००१०, म्हणजे २; उरले ११०, म्हणजे ६. बेरीज ८, तीच बाकी. मर्सेन संख्याच विक्रम करतात त्याचे मोठे कारण हेच.

खरी मेख वर्ग करण्यात आहे. विक्रमी संख्येसाठी तेरा कोटींहून अधिक वेळा वर्ग करायचा. तो जलद व्हावा म्हणून अपूर्णांकी आकडेमोड केली जाते. मधे एक बिट (द्विमान अंक) जरी चुकला तरी पुढचे सगळे फुकट, आणि शेवटी शून्येतर बाकी येते. संयुक्त संख्येलाही शून्येतरच बाकी येते! म्हणजे चूक लपते आणि हाती आलेली मूळ संख्या निसटते. म्हणून २०२४ मध्ये आधी डब्लिनमधल्या ग्राफिक्स प्रोसेसरवर फर्माच्या कसोटीने (हिच्यात अशी चूक वाटेतच पकडता येते) 'बहुधा मूळ' असा कौल आला, आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेत सॅन अँटोनियोतल्या वेगळ्या प्रोसेसरवर ल्यूकास-लेमरने शिक्कामोर्तब झाले.

घातांक मूळ असला की मर्सेन संख्याही मूळ, हाही गैरसमजच. ११ मूळ आहे, पण २ चा अकरावा घात वजा १ म्हणजे २०४७ = २३ × ८९. आणि या विक्रमी संख्या बँकांच्या सुरक्षेसाठी शोधतात असे लिहू नये. माहिती गुप्त ठेवणाऱ्या २०४८ बिटांच्या आरएसए किल्लीला सुमारे तीनशे अंकी दोन मूळ संख्या पुरतात, त्याही गुप्त हव्यात; जगजाहीर संख्या तिथे निरुपयोगी.

बातमीत सुरुवातीचे पाच-दहा अंक छापण्याऐवजी घातांक छापावा. नऊच अंक आहेत. त्यावरून शेवटचा अंक वाचकालाच काढता येईल : २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरतात, १३,६२,७९,८४१ ला ४ ने भागून बाकी १ उरते, म्हणून घाताच्या शेवटी २, आणि एक वजा केल्यावर १.

आपला,
एक वाचक