पण ती दर रविवारी देवळात जाते

प्रिय सानू,

मी विचारलं होतं, "गणपतीला घरी येशील ना?" त्यावर हो नाही की नाही नाही, तू एका शोधनिबंधाची पीडीएफ पाठवलीस आणि खाली एवढंच लिहिलंस, "आई, हे वाच." खरं सांगते, आधी राग आला. मग बाबा झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वाचत बसले. तक्त्यांमधलं सगळं कळलं असं नाही, पण मजकूर दोनदा वाचला. याचं उत्तर मला फोनवर देता येणार नाही. तू मध्येच गप्प होशील आणि मी ती जागा बडबडीने भरून टाकीन. म्हणून लिहिते. तिसरीपर्यंतचं मराठी आहे तुझं, सावकाश वाच. अडलं तिथे खूण करून ठेव.

रिचर्ड पेट्स आणि अ‍ॅन जोलिफ यांचा २००८ सालचा तो निबंध. अमेरिकेत १९९४-९५ पासून सातवी ते बारावीच्या हजारो मुलांची जी मोठी पाहणी झाली, तिच्यातली माहिती घेऊन त्यांनी एकच गोष्ट तपासली: धार्मिक कार्यक्रमांना जाणाऱ्या मुलांना उदासी, म्हणजे डिप्रेशन, कमी असते हे सगळ्यांच्या बाबतीत खरं आहे का? गोऱ्या आणि आफ्रिकन-अमेरिकन मुलांमध्ये साधारण खरं निघालं. लॅटिनो आणि एशियन मुलांमध्ये मात्र गणित फिरलं. जी मुलं सगळ्यात जास्त जात होती, त्यांच्यातच उदासीची लक्षणं जास्त दिसली. त्या ओळींशी मी थांबले आणि उठून पाणी प्यायले.

तू मुद्दाम मला टोचायला पाठवलं नाहीस, हे कळतंय मला. पण मला टोचलं ते वेगळ्याच जागी.

२०२२ चा ऑक्टोबर आठवतो तुला? वर्षाची तपासणी. डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं. इथे अमेरिकेत बारा वर्षांपुढच्या मुलांशी एकटं बोलतात, हे माहीत होतं, तरी मनात आलं, माझ्यासमोर न बोलण्यासारखं माझ्या मुलीकडे काय असणार? तू तो उदासी मोजायचा नऊ प्रश्नांचा कागद भरलास. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कशात मन लागतं का, आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं वाटतं का. प्रत्येकाला शून्य ते तीन. सत्तावीसपैकी तुझे सोळा आले. डॉक्टरांनी आत बोलावून शांतपणे सांगितलं, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं? "पण ती दर रविवारी देवळात जाते. गणपतीत सगळं अथर्वशीर्ष म्हटलं तिने, एकही चूक न करता."

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "ती रात्री किती वाजता झोपते, माहीत आहे तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं.

तू तेव्हा खाली बघत होतीस. त्या वाक्याबद्दल मी तुझी माफी कधी मागितली नाही. आज मागते. तू आजारी आहेस असं मला कुणी सांगत होतं आणि मी तुझं हजेरीपत्रक दाखवत होते.

त्याच्या काही आठवडे आधीचा तो रविवार आता पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतो. मंडळाचा गणपती, नऊवारी, चापाची नथ. कार्यक्रम झाल्यावर जो तो येऊन मला सांगत होता, काय गोड म्हणाली, इथे वाढूनसुद्धा! मी फुलून गेले होते. गाडीत तू खिडकीबाहेर बघत बसलीस. घरी आलो तेव्हा नाकपुडी लालभडक झाली होती. "अगं, नथ काढायची ना," म्हटलं, तर तू म्हणालीस, "लक्षातच नाही आलं." चाप तासभर नाक दाबत होता आणि तुला जाणवलं नव्हतं. मला वाटलं, दमली असेल पोर.

निबंधात असं का होत असावं याचा एक अंदाज दिला आहे. घरची, समाजाची जुनी वळणं आणि शाळेतलं जग एकमेकांना छेद देतात, आणि धर्माच्या कामात जास्त गुंतलेलं मूल नेमकं त्या फटीत सापडतं. वाचताना मला होमकमिंगचा, तुझ्या शाळेतल्या नाचाचा, शनिवार आठवला. त्याच संध्याकाळी भोंडला होता. तुला मैत्रिणींबरोबर जायचं होतं, मी म्हटलं, "एक नाच बुडला तर काय बिघडतं?" तू आलीस, फेर धरलास, गाणीसुद्धा म्हटलीस. सोमवारी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांचे फोटो फिरले असतील आणि त्यात तू नसशील, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. शाळेत तुला 'सॅनी' म्हणतात, हे मला तुझ्या इयरबुकमधून कळलं. रविवारची सानू आणि सोमवारची सॅनी, दोघींची एकमेकींशी ओळख करून द्यायला कुणीच नव्हतं.

मी ठाण्याची. कौपिनेश्वराच्या देवळात आजीचं बोट धरून जायचे. घंटा वाजवायची, तीर्थ घ्यायचं, हातावर साखरफुटाणे पडले की मासुंद्याच्या काठाने उड्या मारत घरी. कपडे बदलायचे नाहीत, नाव नोंदवायचं नाही, कुणाला काही म्हणून दाखवायचं नाही. गणपतीत वर्गातल्या निम्म्या पोरी सुट्टीवर असायच्या. बाहेरचं जग आणि देव एकाच गल्लीत राहत होते. इथे आपण देवळाला चर्चचा साचा दिला. रविवार ठरवला, वर्ग काढले, फी घेतली, हजेरी घेतली, मुलांना स्टेजवर उभं केलं. माझ्या लहानपणी जे हवेत होतं ते तुझ्यासाठी वेळापत्रकात आलं. आम्ही घाबरलो होतो गं. सगळं हातातून निसटेल या भीतीने आम्ही ते तुमच्या खांद्यावर ठेवलं.

याच देशात कोरियन चर्चांचंही हेच झालं आहे. तिथली इथे जन्मलेली पिढी आवाज न करता इतकी बाहेर पडली की तिला 'सायलेंट एक्झोडस' असं नावच पडलं. आपल्या मुलांच्या अशा जाण्याला कुणी अजून नाव दिलेलं नाही, एवढाच फरक.

आता दुसरी बाजू. माझ्या ऑफिसात शेजारी बसणारी मैत्रीण तुला माहीत आहे, नेवार्कची. तिच्या मुलाने लागोपाठ दोन रविवार चर्चचा कॉयर, म्हणजे समूहगान, चुकवला. तिसऱ्या आठवड्यात चर्चच्या दोन बायका मॅकरोनीचं पातेलं घेऊन घरी हजर. का आला नाहीस, असं कुणी विचारलं नाही. त्याच्याबरोबर जेवल्या, बास्केटबॉलबद्दल बोलल्या, गेल्या. काळ्या लोकांच्या चर्चला याची जुनी सवय आहे. १९५५ च्या माँटगोमेरीतल्या, बसमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या बहिष्काराच्या सभासुद्धा चर्चमध्येच भरत होत्या, बाहेर जे सोसायचं त्याबद्दल आत मोकळं बोलता येत होतं. तू सोळा गुणांची उदासी घेऊन आमच्यात बसायचीस तेव्हा आम्ही तुझे उच्चार तपासत होतो.

तू मागे फोनवर तुझ्या वर्गात शिकवलेल्या दुर्खाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाबद्दल सांगत होतीस. रब्बीचा मुलगा, स्वतः श्रद्धा सोडलेला, आणि १८९७ मध्ये म्हणाला की धर्म माणसाला सावरतो तो शिकवणुकीने कमी आणि माणसं एकमेकांना बांधलेली असतात म्हणून जास्त. तेव्हा मी म्हटलं होतं, "बघ, मी सांगत होते!" तू पुढचं सांगत होतीस, की बंध फार सैल झाला तर माणूस तुटतो आणि फार आवळला तरी तुटतो. ते मी ऐकलंच नाही.

एक मात्र मी मान्य करणार नाही. तू कदाचित म्हणशील, देवळानेच तुला आजारी केलं. हजेरी आणि उदासी एकत्र दिसली म्हणजे एकीने दुसरीला आणलं असं ठरत नाही. आधीच उदास असलेलं मूल आधार शोधत तिकडे जास्त जात असेल. शिवाय 'एशियन' या एका रकान्यात फिलिपिनो, चिनी, कोरियन, आपण, सगळे कोंबलेले. तुझं काय झालं ते त्या तक्त्यात नाही, ते तुलाच माहीत आहे आणि मला ऐकायचं आहे. माझा देव माझ्यापाशी आहे. थेरपिस्टकडे तुला सोडून पार्किंगमध्ये बसायचे तेव्हा मी जपच करत होते. फ्रिजवर ९८८ चा, मानसिक संकटात मदत मिळणाऱ्या फोन नंबरचा, कागद लावला तेव्हाही हात जोडूनच लावला. तो कागद अजून तिथेच आहे.

पण तुझ्या येण्यावरून तुझी तब्येत मोजायचं मी सोडलं आहे.

यंदाची चतुर्थी जवळ आली आहे. आपल्या घरातला गणपती त्याच दिवशी बसेल, शनिवार-रविवार बघून नाही. मोदक करीनच. तुला यावंसं वाटलं तर जीन्समध्ये ये, काही म्हणून दाखवायचं नाही. नाही आलीस तर आजीला काय सांगायचं ते मी बघेन. कालच व्हिडिओ कॉलवर विचारत होती. मी म्हटलं, "तिचं ती ठरवेल." आजी जरा थांबली आणि म्हणाली, "जेवते ना नीट?"

शनिवारी रात्री नऊला फोन करते. गणपतीचं काही विचारणार नाही. या आठवड्यात किती वाजता झोपलीस ते सांग.

तुझी,
आई