व्हीलचेअरवरच्या खेळाडूला तालमीचा खुराक लावू नका

संपादक महोदय,

कोल्हापुरात खेळाडू म्हटला की खुराक आलाच. धारोष्ण दूध, तूप, बदामाची थंडाई आणि हल्ली त्यावर प्रोटीन पावडरचा डबा. मणक्याच्या दुखापतीनंतर व्हीलचेअरवर बास्केटबॉल किंवा शर्यत खेळणाऱ्या मुलामुलींनाही घरचे आणि प्रशिक्षक मायेने हेच देतात. त्यात खेळाडूंचे नुकसान होते, म्हणून हे पत्र.

पैलवानाचे सगळे अंग राबते. कमरेखालची ताकद गेलेल्या खेळाडूचे खांदे, दंड आणि थोडेफार धड एवढेच राबते. पायांचे स्नायू रोडावल्यामुळे बसल्या जागी लागणारी ऊर्जाही कमी होते. जादा दूधतूप पोटावर चरबी होऊन बसते आणि ते ओझे खांद्यांनाच ढकलावे लागते. खांदा दुखावला की खेळ थांबतोच, शिवाय खुर्चीतून पलंगावर सरकणेही अवघड होते. म्हणून महिन्यातून एकदा वजन पाहावे. घरचा काटा उपयोगाचा नाही. गुळाच्या अडतीवर असतो तसल्या प्लॅटफॉर्म काट्यावर खुर्चीसकट वजन घ्यावे आणि रिकाम्या खुर्चीचे वजा करावे.

प्रथिने किलोमागे 1.2 ते 1.7 ग्रॅम पुरतात, म्हणजे 60 किलोच्या खेळाडूला दिवसाला 72 ते 102 ग्रॅम. दोन अंडी, अर्धा लिटर दूध, दीडशे ग्रॅम चिकन, दोन वाट्या घट्ट आमटी आणि भाकरी यांत ती येतात. मग डबा कशाला?

ताकद वाढवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या क्रिएटिन या पावडरीबद्दल जास्त सावध राहायला हवे. ते स्नायूंत पाणी धरते आणि किलो-दीड किलो वजन वाढू शकते. 800 मीटर व्हीलचेअर शर्यतीवरच्या छोट्या अभ्यासात त्याचा फायदा दिसला नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट किडनीची. मणक्याच्या रुग्णाला किडनी आयुष्यभर सांभाळावी लागते. किडनीची तब्येत रक्तातल्या क्रिएटिनिनवरून पाहतात, पण स्नायू कमी असल्याने ते त्याच्यात मुळातच कमी असते, त्यामुळे बिघाड सुरू झाला तरी रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊ शकतो. क्रिएटिन घेतल्यावर तोच आकडा उगाच चढतो. दोन्हीकडून डॉक्टरांची दिशाभूल होते. घ्यायचेच असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे आणि किडनीसाठीची सिस्टॅटिन सी ही दुसरी रक्ततपासणी करता येईल का, ते विचारावे.

कॅफिनचा व्हीलचेअर रग्बीपटूंना छोट्या, वेगवान अंतरांत थोडा फायदा दिसला आहे. तिथे मात्रा किलोमागे 4 मिलिग्रॅम होती. 1500 मीटरला 6 मिलिग्रॅम देऊनही तो दिसला नाही. सुरुवात 3 मिलिग्रॅमने, म्हणजे 60 किलोला 180 मिलिग्रॅमने करावी आणि तीही सरावात. सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा कधीच नाही. मानेच्या मणक्याला इजा असेल तर कॅफिन रक्तात उशिरा चढू शकते. त्यामुळे तासभर आधी घ्यायचा ठरीव नियम अशा खेळाडूला लागू पडेलच असे नाही. काहींचे पाय जास्त आखडतात, काहींची झोप उडते. रोज चार कप कडक चहा पिणाऱ्याने तेही हिशेबात धरावे.

खाण्याचा सोडा पिऊन थकवा लांबवण्याची युक्ती मात्र सरळ टाळावी. किलोमागे 0.3 ग्रॅम म्हणजे 60 किलोला 18 ग्रॅम सोडा. त्यातून जवळपास 5 ग्रॅम सोडियम पोटात जाते आणि जुलाबाची भीती असते. शौचाची वेळ महिनोन्महिने बसवलेल्या खेळाडूला हे अजिबात परवडत नाही.

ड जीवनसत्त्व या खेळाडूंमध्ये बरेचदा कमी आढळते. ते नक्की तपासावे. पण 60,000 युनिटच्या पुड्या मनाने घेऊ नयेत. दुखापतीनंतर हाडांतले कॅल्शियम झिरपत असते आणि मूत्राशयात खडे होण्याचा धोका आधीच असतो; जादा ड जीवनसत्त्वाने तो वाढू शकतो.

कोणताही डबा घेतला तरी पक्के बिल आणि बॅच नंबर जपून ठेवावा. भेसळीमुळे उत्तेजक चाचणीत काही सापडले तरी ‘नाडा’च्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) नियमांत जबाबदारी खेळाडूचीच असते.

या सगळ्यापेक्षा खेळ जास्त बिघडतो तो पाण्यावाचून आणि उन्हाने. इजेच्या खालच्या भागाला घाम जवळजवळ येत नाही. मूत्राशयासाठी दिली जाणारी ऑक्सिब्युटिनिनसारखी औषधे घाम आणखी कमी करतात. एप्रिल-मे महिन्यांत अशा खेळाडूला नुसते पाणी पाजून भागत नाही. चेहऱ्यावर, मानेवर आणि दंडांवर फवारणीच्या बाटलीने पाणी मारावे, मध्यंतरात ओला टॉवेल द्यावा आणि थांबायला सावली ठेवावी. तरीही अनेक जण सकाळपासून पाणीच पीत नाहीत, कारण मैदानावरच्या स्वच्छतागृहात खुर्ची जात नाही. मग लघवी गडद होते, जंतुसंसर्ग होतो, ताप येतो आणि आठवडाभर सराव बुडतो. खेळाच्या खुर्चीची चाके खाली तिरकी पसरलेली असतात, त्यामुळे ती साध्या खुर्चीपेक्षा रुंद असते.

शहरातील मैदानांच्या व्यवस्थापकांना विनंती आहे की, निदान एका स्वच्छतागृहाचे दार 900 मिलिमीटर मोकळे, उंबऱ्याविना आणि बाहेर उघडणारे करावे. आत कॅथेटर (लघवी काढायची नळी) वापरण्यासाठी हात धुण्याची सोय, साबण आणि बसल्या हाताला लागेल असे फळकूट हवे. स्पर्धा भरवणाऱ्यांनी हे दार सामन्याच्या आदल्या दिवशी खेळाच्या खुर्चीवर बसलेल्या खेळाडूकडूनच तपासून घ्यावे.

– एक क्रीडा आहारतज्ज्ञ, राजारामपुरी, कोल्हापूर