केबल, जेट आणि टॉर्च देणाऱ्यांचे आभार

शनिवारी रात्री ड्रॅग ट्रॅकवर (सरळ रेषेतल्या वेगाच्या शर्यतीत) माझ्या यामाहा आरएक्स १०० बाइकची क्लच केबल लिव्हरपाशीच तुटली. माझी पाळी यायला चारच गाड्या उरल्या होत्या. "थांब भाऊ, माझी घे," म्हणत कामठीच्या एका पोट्ट्यानं स्वतःच्या गाडीची केबल काढून दिली. त्याची अजून एक रन बाकी होती, हे मला नंतर कळलं. भाऊ, तुझं नावही विचारायचं राहिलं.

आणि ते काका! त्यांनी माझा स्पार्क प्लग काढून टॉर्चखाली धरला. पांढरट पडला होता, म्हणजे इंजिनला पेट्रोल कमी पडत होतं. मी जेटिंग (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारं छोट्या भोकाचं जेट बसवणं) केलं होतं मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात. डिसेंबरच्या थंडीत हवा दाट होते, तिला पेट्रोल जास्त लागतं. तेच जेट ठेवलं असतं तर टू-स्ट्रोकचा पिस्टन जाम होऊ शकला असता, तोही भर वेगात. काकांनी आपल्या डबीतलं एक नंबर मोठं मेन जेट बसवलं. पैसे घेतले नाहीत. "आधी हातमोजे नीट घाल बेटा," एवढंच म्हणाले.

शर्यतीचे ४०२ मीटर पूर्ण झाले. स्टार्टचे पिवळे दिवे उतरत हिरवा लागला, तेव्हा हात थरथरत नव्हते, ते तुम्हा दोघांमुळे. टॉर्च धरून उभ्या राहिलेल्या ताईंचे, आणि शेवटची गाडी थांबेपर्यंत जागेवरून न हललेल्या अँब्युलन्सवाल्यांचेही मनापासून आभार.

कामठीच्या भावासाठी नवी केबल घेऊन ठेवली आहे. पुढच्या वेळी स्टार्ट लाइनपाशी भेट.