धाग्याची प्रतवारी कोण ठरवणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वनस्पतींचे धागे आणि नॅनो पदार्थ घालून बनवलेल्या प्लास्टिकवरचा लेख वाचला. या विषयाला जागा दिलीत, याचा आनंद झाला. पण 'हे प्लास्टिक वापरून झाल्यावर मातीत मिसळून जाते' हे त्यातले वाक्य चुकीचे आहे. ते वाचून कुणी असल्या वस्तू शेतात पुरू नयेत, म्हणून लिहितो आहे, आणि या धाग्यांची प्रतवारी कुणीतरी ठरवावी म्हणूनही.

भोसरीत माझे मोल्डिंगचे लहान शॉप आहे. गेली सहा वर्षे मी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकमध्ये, म्हणजे आमच्या भाषेत पीपीमध्ये, घायपाताचा वाख, म्हणजे त्याच्या पानांचा धागा, आणि केळीचा धागा घालून ट्रे आणि पॅनेल बनवतो. तीन वर्षांपूर्वी त्यातली एक पट्टी शॉपच्या मागे जांभळीखाली पुरली होती. या उन्हाळ्यात उकरून पाहिली. कापलेल्या कडेला उघडा पडलेला वाख काळा होऊन कुजला होता, प्लास्टिक होते तसेच होते. पूर्व जर्मनीत 1957 ते 1991 या काळात बनलेल्या ट्राबांट गाडीचे पत्रे असेच कापसाचा टाकाऊ धागा आणि फिनॉलिक रेझिन, म्हणजे एकदा घट्ट झाले की पुन्हा न वितळणारे प्लास्टिक, यांचे होते. अशा 30 लाखांच्या आसपास गाड्या बनल्या. पुढे त्या भंगारात निघाल्या तेव्हा ते पत्रे ना वितळवता येत होते, ना ते कुजत होते. धागा झाडाचा आहे म्हणून सगळी वस्तू झाडासारखी वागत नाही. ज्या प्लास्टिकात तो बसवला, त्याचेच गुण शेवटी उरतात. पीपीचा माल निदान दळून पुन्हा साच्यात घालता येतो. त्यासाठी तो वेगळा गोळा व्हायला हवा, आणि 'विघटनशील' असा शिक्का मारला की तो वेगळा गोळा होत नाही.

मग मी हे काम का करतो? आधी आम्ही काचेच्या फायबरचे काम करायचो. मॅट अंथरायची, ब्रशने रेझिन मारायचे, वाळले की कडा घासायच्या. घासताना उडणारी काच बाहीत, मानेवर, पापण्यांत बसायची. पोरे संध्याकाळी हात खाजवत बस पकडायची. माझे कपडे घरी वेगळे धुतले जायचे आणि तरीही मुलीच्या अंगावर पुरळ उठायचे. तेव्हा पुरंदरचे आमचे गाव आठवले. तिथे बांधाबांधाला घायपात होते. पाने ठेचून, पाण्यात कुजवून वाख काढत, आणि त्याचे कासरे, दावी, चऱ्हाटे वळत. नायलॉनचा दोर आला आणि ती विद्या एका पिढीत बसली. वाखाने हात राठ होतात, पण अंगाला खाज सुटत नाही.

फायदा कातडीपुरताच नाही. पाण्याची घनता 1 धरली तर काचेची 2.5, वाखाची 1.4 ते 1.5. 30 टक्के काच घातलेल्या पीपीचा जो भाग 1120 ग्रॅम भरतो, तोच 30 टक्के वाख घालून 1020 ग्रॅमच्या आसपास भरतो. काचेने मशीनचा स्क्रू आणि मोल्ड झिजतात, वाखाने फार कमी. ज्या अंबाडीची आपण भाजी खातो, तिच्याच सालीचा धागा टोयोटा कंपनी गाडीच्या दारांच्या आतल्या पॅनेलमध्ये वापरते. मात्र जिथे जोराचा धक्का सोसायचा आहे तिथे हा माल देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दाराचे अस्तर, डिकीचा ट्रे, क्रेट ही त्याची जागा.

पहिला लॉट मी जुलैत काढला आणि सगळा फेकला. पावसाळी हवेत असल्या धाग्यात 10-12 टक्के ओलावा सहज असतो. त्याची मशीनमध्ये वाफ झाली, माल फुगला, आणि शॉपभर करपलेल्या गुळासारखा वास सुटला. पीपी 165 अंशांच्या आसपास वितळते आणि धागा 200 च्या पुढे करपू लागतो. मधल्या 35 अंशांत सगळे उरकावे लागते. तेव्हापासून धागा आधी भट्टीत वाळवतो. पण वाळवूनही तो प्लास्टिकला नीट धरत नव्हता, कारण धाग्याला पाण्याची ओढ आणि पीपीला पाण्याचे वावडे. सौम्य कॉस्टिक सोड्यात धुतल्यावर धाग्यावरचे मेण जाते. शिवाय मॅलेइक अनहायड्राइड नावाचे रसायन जोडलेला पीपीचा दाणा दोन-तीन टक्के मिसळला की त्याचे एक टोक धाग्याला धरते, दुसरे प्लास्टिकला.

आता नॅनोबद्दल. हा शब्द ऐकला की लोकांना काहीतरी परदेशी, प्रयोगशाळेतले वाटते. माझ्याकडे वापरात आहे ती चिकणमाती आहे. तिचे नाव माँटमोरिलोनाइट, फ्रान्समधल्या एका गावावरून पडलेले. आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीत हीच जात असते. पावसात काळे रान फुगते आणि चैत्र-वैशाखात त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ते हिच्यामुळे. ही माती म्हणजे एकावर एक बसलेले पापुद्रे, एकेक पापुद्रा 1 नॅनोमीटर जाड, म्हणजे मिलिमीटरचा 10 लाखावा भाग. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की रान फुगते. आम्हाला तिथे पाण्याऐवजी वितळलेले प्लास्टिक शिरवायचे असते. त्यासाठी मातीतला सोडियम काढून त्या जागी तेलकट स्वभावाचे अमोनियम क्षार बसवतात, नाहीतर प्लास्टिक त्या फटींकडे फिरकत नाही. टोयोटाच्याच प्रयोगशाळेने 1980 च्या दशकात नायलॉनमध्ये हे करून दाखवले. पापुद्रे सुटे होऊन पसरले की ओलाव्याला धाग्यापर्यंत सरळ वाट राहत नाही, त्याला वळणे घेत जावे लागते. 100 किलो मालात 3 किलो माती पुरते. मी एकदा हाव धरून 8 किलो घातली, तर गुठळ्या झाल्या आणि ट्रे वाकवताच तडकला. माझ्या धंद्यातल्या मित्रांना एक कळकळीची विनंती: ही पूड कोरडी ओतू नका. इतके बारीक कण छातीत जाऊ नयेत. दाण्यात आधीच मिसळलेली, मास्टरबॅच म्हणून मिळते, तीच घ्या आणि तरीही मास्क लावा.

एवढे जमल्यावर चाकणच्या एका मोठ्या कंपनीकडे नमुने नेले. पहिले पास झाले. दोन महिन्यांनी दुसऱ्या लॉटचे नमुने त्याच मशीनवर, त्याच मापाने काढून नेले, ते ताकदीत कमी भरले आणि काम गेले. मला वाईट वाटले, पण नापास करणारा इंजिनीअर बरोबर होता. दोन लॉटमध्ये फरक होता तो फक्त धाग्याचा. केळीचा धागा बुंध्याकडचा वेगळा, गाभ्याजवळचा वेगळा. घायपाताचे पान किती जून, वाख किती दिवस कुजवला, कुठे वाळवला, यावर त्याची ताकद बदलते.

धागा मी इंदापूरकडच्या एका बचत गटाकडून घेतो. केळीचा घड उतरला की उरलेल्या खोडातून गटातल्या बायका तो काढतात. फरकाबद्दल बोलायला गेलो तेव्हा तिथल्या एक ताई म्हणाल्या, "दादा, तुम्ही दर खेपेला वेगळंच सांगता. नक्की कसला धागा पायजे ते एकदा कागदावर लिहून द्या, आम्ही तसा निवडून देतो." माझ्याकडे लिहून द्यायला काही नव्हते. कापसाला धाग्याची लांबी आणि मायक्रोनेअर, म्हणजे तलमपणाचे माप, बघून भाव मिळतो. बंगालच्या तागाला ताकद, रंग, दोष आणि मुळाकडचा भाग बघून प्रत ठरते. आमचा केळीचा धागा आणि वाख मात्र नुसता किलोवर. मग कुणी निवडायला वेळ का घालवावा?

आपल्या पुरवणीने या प्रश्नाला हात घालावा, अशी माझी इच्छा आहे. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, वेताळ टेकडीवर वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय आहे, शिवाजीनगरला कृषी महाविद्यालय आहे. तिन्ही एका रिक्षाच्या टप्प्यात आहेत. केळी, घायपात आणि अंबाडी या तीनच धाग्यांसाठी लांबी, ओलावा, ताकद आणि सफाई यांवरून तीन दर्जे त्यांनी मिळून ठरवावेत. इंदापूर किंवा जळगावच्या बाजारात तपासणीचे एक टेबल आणि ओलावा मोजायचे एक यंत्र बसवावे. वरच्या प्रतीला जास्त भाव लागला की त्या ताई बुंध्याचा आणि गाभ्याचा धागा आपोआप वेगळा बांधतील, आणि माझ्यासारख्याला चाकणला जाताना दुसऱ्या लॉटची धास्ती राहणार नाही.

माझ्याकडे बिनमातीच्या आणि मातीच्या, दोन्ही प्रकारच्या पट्ट्या गेले 11 महिने पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवलेल्या आहेत, तारखा आणि वजने वहीत आहेत. कुणा संस्थेला तपासायच्या असतील तर पट्ट्या आणि वही दोन्ही आनंदाने देईन. आपल्या कार्यालयात आणून द्यायलाही तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक लघुउद्योजक, भोसरी, पुणे